थांबा, सांगू नका

गणिताच्या बाईंनी माइकसमोर तोंड उघडलं आणि तोंडात काही आलंच नाही. घसा खाकरून झाला होता, समोर सगळी शाळा ओळींत उभी होती, कवायतीच्या सरांनी आपली नेहमीची ‘सावधान’ची डरकाळी फोडली होती, आणि आता फक्त शाळेचं ध्येयवाक्य तेवढं म्हणायचं होतं. बाईंनी एक तुकडा म्हणायचा, मुलांनी तो परत म्हणायचा, असं करत वाक्य संपलं की ‘विश्राम’, आणि मग वर्ग. गेली कित्येक वर्षं हे वाक्य तिच्या तोंडून इतकं आपोआप बाहेर पडत आलं होतं, की म्हणता म्हणता ती कुणाच्या बुटाची नाडी सुटलीय आणि कोण घरी रडून आलंय हेही बघून घ्यायची. आज मात्र पहिला शब्दच येईना. तिने वाट पाहिली. मुलांनीही पाहिली. कर्णा नुसताच घरघरत राहिला. शेवटी तिच्या तोंडून माइकवर निघालं, “आठवत नाही.” आणि पाठोपाठ, तिचं तिला कळायच्या आत, “वा!” हे ‘वा’ तिच्या वर्गातलं होतं. वर्गात कुणी उभं राहून “बाई, मला कळलं नाही” म्हणालं, की ती आधी “वा!” म्हणायची आणि मग खडू उचलायची. ते आता सगळ्या मैदानावर घुमलं. तिच्या वर्गातली पोरं खुदकन हसली, बाकीच्यांना वाटलं आज काहीतरी नवीन आहे. कवायतीचे सर आयुष्यात एकच गोष्ट शिकले होते, ती म्हणजे माइक थांबला की ओरडायचं. ते ओरडले, “विश्राम!” आणि सगळ्या शाळेचे पाय एकदम धप्पकन आपटले.

खरं म्हणजे तिचं धाबं दणाणायला हवं होतं. आज दुपारी तिची मुलाखत होती. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, महिनाअखेर निवृत्त होणार होत्या, आणि त्यांच्या खुर्चीवर कोण बसणार हे ठरवायला संस्थेची समिती यायची होती. या खुर्चीची इच्छा तिने काही लपवून ठेवलेली नव्हती. तिला ती हवी होती, चांगली मनापासून हवी होती, आणि वयाची अट अशी, की यंदा नाही तर पुढे कधीच नाही. त्यातून समितीचा पहिला प्रश्न ठरलेला: शाळेचं ध्येय सांगा, आणि तुमचं स्वतःचं सांगा. जिन्याशीच मोठ्या बाईंनी तिला गाठलं.

“अगं, झालं काय तुला? बरं वाटत नाहीये का?”

“बरं आहे की. वाक्य तेवढं गेलं.”

“गेलं म्हणजे? अगं, तूच लिहिलंयस ना ते! दर्शनी दालनात पितळी अक्षरांत लावलंय, जा, उभी राहा समोर आणि दहा वेळा वाच. आजच्या दिवशी हा काय चावटपणा!”

ती “हो” म्हणाली आणि दालनाकडे वळली नाही. उलट प्रयोगशाळेच्या बाजूच्या जिन्याने, ज्या जिन्याने कुणी जात नाही कारण तिथे रसायनांचा उग्र दर्प असतो, त्या जिन्याने ती दोन-दोन पायऱ्या घेत वर गेली. छाती धडधडत होती, पण ही धडधड घाबरल्याची नव्हती, हे तिला पहिल्याच मजल्यावर कळलं. रोज उचलून उचलून ज्याचं वजन जाणवेनासं झालेलं असतं, असं काहीतरी हातातून निसटलं होतं, आणि हात आपोआप वर येत होते. ते वाक्य असेल तिथे असू दे, दुपारपर्यंत मी त्याच्या वाटेला जाणार नाही, असं तिने ठरवून टाकलं. का ते तिला सांगता आलं नसतं. लहानपणी दुखरा दात पडल्यावर त्या जागी सारखी जीभ जाते, तशी ती मनातल्या मनात त्या रिकाम्या जागेला हात लावून येत होती आणि तिला मजा वाटत होती. पन्नाशी उलटलेल्या बाईला शोभेल अशी ती मजा नव्हती, हेही तिला कळत होतं.

पण वाक्य चुकवायचं म्हणजे सोपं काम नव्हतं. शाळेने ते कुठे म्हणून छापलं नव्हतं! वह्यांच्या मागच्या पानावर होतं, पाकिटांवर होतं, धावण्याच्या शर्यतीतल्या मुलांच्या पाठीवर होतं, शिक्षकदिनाला मिळालेल्या कपांवर होतं. शिक्षकांच्या खोलीत तिने चहा घेतला तो कप फिरवून धरून, म्हणजे अक्षरं समोरच्या चित्रकलेच्या सरांकडे. त्यांनी मान तिरकी करून वाचायला सुरुवात केली तेव्हा ती “नको, नको!” म्हणून इतक्या जोरात ओरडली, की त्यांच्या बशीत चहा सांडला. वह्या तपासायला घेतल्या त्या पालथ्या घालून. मधल्या सुट्टीत पाठीवर वाक्य घेतलेला पोरांचा घोळका समोरून पळत गेला तेव्हा तिने सरळ डोळे मिटून घेतले आणि भिंतीला हात लावून उभी राहिली. कवायतीचे सर जवळ येऊन म्हणाले, “बाई, चक्कर आली का? दीर्घ श्वास घ्या. एक, दोन...” तिने मुकाट्याने त्यांच्या आकड्यांवर दोन श्वास घेतले. एरवी ती हसली असती. आज तिला सरांबद्दलही माया वाटली.

ते वाक्य जन्मलं त्या दिवशीही ती अशीच चेव आल्यासारखी झाली होती. ती तेव्हा नवी होती, केसांना पांढरा रंग लागायचा होता. संस्थेने एक सल्लागार आणला होता. त्याचे बूट इतके चकचकीत होते, की बोलताना तो स्वतःच त्यांच्याकडे बघायचा. त्याने सगळ्या शिक्षकांना सभागृहात कोंडून हातात रंगीत कागदाचे चौकोन दिले आणि प्रत्येकाने आपल्याला वाटेल तो एक शब्द लिहून भिंतीला चिकटवा म्हणून सांगितलं. भिंत भरली. सर्वांगीण, मूल्याधिष्ठित, उज्ज्वल, जागतिक, संस्कारक्षम; कवायतीच्या सरांनी ‘शिस्त’ लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. मग शब्दांवरून भांडणं सुरू झाली. कुणाचाच शब्द कुणी सोडेना, जेवायची वेळ टळून गेली, सल्लागाराचे बूटसुद्धा मलूल दिसायला लागले. तेव्हा तिने उठून सगळे शब्द एका वाक्यात शिवून टाकले. एकही गाळला नाही. वाचून दाखवल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला, मोठ्या बाईंनी (त्या तेव्हा इतक्या मोठ्या नव्हत्या) तिला मिठी मारली, आणि ती हवेत तरंगत घरी गेली. नवरा छापखान्यात मुद्रितं तपासायचा. त्याने ते वाक्य वाचलं, पेन्सिल कानावर ठेवली आणि म्हणाला, “छान आहे. फक्त क्रियापद येईपर्यंत मुलं शाळा सोडून नोकरीला लागतील.” ती आठवडाभर त्याच्याशी बोलली नव्हती. आता, वह्या पालथ्या घालून बसल्याबसल्या, तिला एक गोष्ट प्रथमच जाणवली. त्या दिवशी भिंतीवर सगळ्यांचे शब्द होते, तिचा नव्हता. शिवायच्या नादात आपला एक लिहायचा हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

तिने नवऱ्याला फोन लावला. “अहो, आपलं ते शाळेचं वाक्य... नाही, नाही, सांगू नका!”

“मी कशाला सांगतोय? मला पाठ असायला मी काय जागा राहतो शेवटपर्यंत?”

“सकाळी माइकवर विसरले. सगळ्यांसमोर.”

तो जपून म्हणाला, “घाबरलीस का गं?”

“घाबरायला पाहिजे ना? पण तसं होत नाहीये. कसंतरीच होतंय. आनंद झाल्यासारखं.”

“मग डबा खा आधी. उपाशी पोटी कुणाला ध्येय सापडल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.”

डबा तिने उघडला आणि दोन घासांतच बंद केला, कारण तेवढ्यात त्या आनंदाच्या बुडाशी काहीतरी गार लागलं. वाक्य गेलं ते गेलं. पण त्याच्या खाली काय आहे? काहीच नसलं तर? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. इतकी वर्षं आपण रोज सकाळी मुलांकडून जे म्हणवून घेतलं ते दुसऱ्यांच्या शब्दांचं गाठोडं, आणि आपण स्वतः इथे नुसत्याच येतोय, पगार होतो म्हणून, सवय आहे म्हणून, घंटा वाजते म्हणून. समितीने विचारलं, तुमचं काय, तर तोंड सकाळसारखंच उघडं राहायचं. ती उठून खिडकीशी गेली. समोर सायकलींच्या छपरावरची पाण्याची टाकी सकाळपासून गळत होती. खाली तळं साचलं होतं आणि शाळेचा शिपाई त्यात एक वीट ठेवून, तिच्यावर उभा राहून, नळवाल्याला फोनवरून शिव्या घालत होता. थेंबांकडे बघता बघता तिला एकाएकी कागदाची पट्टी आठवली. नोकरीचं पहिलं वर्ष. एका मुलाने विचारलं होतं, “बाई, भागल्यावर कमी होतं ना? मग सहाला अर्ध्याने भागलं की बारा कसे?” तिला स्वतःला लहानपणी हेच कळलं नव्हतं. तिच्या वेळच्या गुरुजींनी सांगितलं होतं, उलटं करा आणि गुणा, आणि तिने आयुष्यभर उलटं करून गुणलं होतं, पैकीच्या पैकी मिळवले होते, गणित घेऊन पदवी आणली होती. वरवर सगळं चकाचक, आत मात्र त्या जागी पालथा घडा. ती त्या पोरालाही तेच सांगणार होती. पण हातात कागदाची पट्टी होती, तिने उगाच तिचे सहा भाग केले, उगाच एकेक भाग अर्धा दुमडला, आणि म्हणाली, “सहामध्ये अर्धे किती...” आणि थांबली. सहामध्ये अर्धे किती बसतात! एवढंच तर विचारलेलं असतं! तिच्या अंगावर सरसरून काटा आला होता. ती फळ्याखालच्या पायरीवर मटकन बसली होती आणि एकटीच मोठ्याने हसत सुटली होती, आणि समोरचा पोरगा तिच्याकडे बघून आधी घाबरला आणि मग तोही हसायला लागला, कारण त्यालाही तेव्हाच कळलं होतं. खिडकीशी उभी असताना तिच्या अंगावर पुन्हा तोच काटा आला. तिने दंडावरून हात फिरवून बघितला. खरोखरच आला होता.

मुलाखतीआधीचा तास तिचा स्वतःच्या वर्गावर होता. तिच्या वर्गातल्या फळ्याची एक रीत होती. डाव्या कडेला एक उभी रेघ मारलेली, आणि रेघेपलीकडची पट्टी न कळलेल्या गोष्टींची. ज्याला जे कळलं नसेल त्याने ते स्वतःच्या अक्षरात तिथे लिहायचं. ते डस्टरने पुसायचं नाही. ज्याचं असेल त्याने, कळेल त्या दिवशी, स्वतःच्या तळहाताने पुसायचं. आणि दुसरी रीत अशी, की समजत आलेलं मूल “थांबा, सांगू नका” म्हणालं की सगळ्या वर्गाने, बाईंसकट, तोंडं मिटायची. मुख्याध्यापकांच्या तपासणीतसुद्धा हा नियम मोडलेला नव्हता. सध्या पट्टीवर एकच ओळ उरली होती, बुटक्या, चिकट अक्षरांतली: उणे गुणिले उणे, अधिक कसं? ती मुंगीची होती. मुंगी म्हणजे वर्गातली सगळ्यात लहान चणीची आणि सगळ्यात चिवट मुलगी. एखाद्या शंकेला चिकटली की सोडायची नाही. बाईंनी संख्यारेषा काढून दाखवली होती, दारात पाठमोरं उभं करून उलट चालवलं होतं, कोष्टकं मांडली होती. मुंगी सगळं ऐकून घ्यायची, नम्रपणे मान हलवायची आणि म्हणायची, “उत्तर येतं बाई, पण पटत नाही.” बाकीच्या वर्गाने त्या ओळीशी केव्हाच संसार थाटला होता.

आज तिने काहीच ठरवलेलं नव्हतं. मुलं खिडकीकडे बघत होती.

“बाई, टाकी रिकामी होणार.”

“होऊ दे. कितीने उतरतंय पाणी?”

टाकीच्या बाजूला आतलं पाणी दाखवणारी नळी होती, आणि मागच्या बाकावरच्यांनी अभ्यास सोडून सकाळपासून तिच्यावरच नजर ठेवली होती. “तासाला दोन बोटं,” त्यांनी एकमुखाने सांगितलं.

“म्हणजे उणे दोन. मग आणखी तीन तासांनी?”

“सहा बोटं खाली!”

तिने फळ्यावर टाकी काढली, पाण्याची रेघ काढली, खाली लिहिलं: उणे दोन गुणिले तीन, उणे सहा. सोपं होतं, सगळ्यांना येत होतं. ती पुढच्या उदाहरणाकडे वळणार, तेवढ्यात खिडकीशी उभी राहिलेली मुंगी, टाकीवरची नजर न काढता, हळूच म्हणाली, “आणि बाई, तीन तासांपूर्वी?”

खडू हातातल्या हातात थांबला. तीन तासांपूर्वी म्हणजे तास उणे तीन. पाणी उणे दोनने उतरतंय, आणि तास... तिने तोंड उघडलं.

“थांबा! सांगू नका!”

वर्ग चिडीचूप झाला. मुंगीचे ओठ हलत होते, डोळे खिडकीबाहेर होते आणि तिथे नव्हते. आणि नेमका त्याच वेळी शिपाई ओल्या चपला वाजवत दारात आला. “बाई, चला लवकर, समिती बसलीय, अध्यक्षांनी...” चाळीस बोटं एकदम ओठांवर गेली. शिपाई एक पाय उंबऱ्यात आणि एक बाहेर असा थबकला. तिला कळत होतं, वर तीन माणसं घड्याळाकडे बघत असतील. या एका खुर्चीसाठी तिने किती वर्षं किती जणांची मनं सांभाळली होती. हात पुढे करून दार ओढून घ्यायचं, “उद्या बघू गं” म्हणायचं, एवढंच करायचं होतं. ती जागची हलली नाही. मुंगीच्या चेहऱ्यावर अजून काही उमटलेलं नव्हतं, पण आता उमटणार होतं, कोणत्याही क्षणी उमटणार होतं, आणि हे बघायचं सोडून जगात दुसरीकडे कुठे जावं असं तिला वाटेना.

“तेव्हा पाणी वर होतं!” मुंगी किंचाळली. “बाई, सहा बोटं वर! उतरणं पण उणे, तास पण उणे, आणि पाणी वर!” ती धावत आली, टाचा उंचावून तिने तळहाताने ती ओळ पुसली आणि पांढरा हात सगळ्यांना दाखवत उभी राहिली. वर्गात एकच गलका उसळला. दारातला शिपाई म्हणाला, “ते ठीक आहे, पण आता खाली तर उतरतंच आहे ना?” बाई फळ्याखालच्या पायरीवर बसल्या होत्या आणि हसत होत्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले होते.

मग ती पळाली. दर्शनी दालनातून, थेट पितळी अक्षरांसमोरून, आणि तिला ती दिसलीसुद्धा नाहीत. मोठ्या बाईंच्या खोलीत टेबलापलीकडे अध्यक्ष बसले होते. निवृत्त न्यायाधीश, शब्द तोलून टाकणारे. एका बाजूला संस्थेचे चिटणीस, दुसऱ्या बाजूला पालकांच्या प्रतिनिधी. ती उशिरा आली होती, तिला धाप लागली होती आणि मुठीत खडू तसाच होता.

“बसा,” अध्यक्ष म्हणाले. “शाळेचं ध्येय काय?”

“आठवत नाही.”

चिटणीसांना ठसका लागला. “अहो बाई, तुमच्या पाठीमागेच लावलंय की चौकटीत!”

“माहीत आहे. म्हणून तर मागे बघत नाहीये.”

“आणि तुमचं स्वतःचं?” अध्यक्षांचा आवाज तसाच सपाट होता.

ती सांगू लागली. कागदाच्या पट्टीचं सांगितलं, तळहाताने पुसायच्या ओळींचं सांगितलं, आत्ताच्या टाकीचं सांगितलं. वाक्यं एकमेकांवर आदळत होती आणि एकाही वाक्यात शोभिवंत असा एक शब्द नव्हता. “मूल ‘थांबा, सांगू नका’ म्हणतं ना, तेव्हाचं त्याचं तोंड मला बघायचं असतं. त्यासाठी मी येते. सेवा-बिवा काही नाही हो. हावरेपणा आहे हा. रोज वाटतं, आज दिसेल.”

पालकांच्या प्रतिनिधी हळुवारपणे म्हणाल्या, “पण बाई, मुख्याध्यापकांनी वर्ग घ्यायचा नाही असा संस्थेचा नियम आहे. मग तुमचं कसं होणार?”

“मग नियम बदला. नाहीतर मला नेमू नका.”

बोलून गेल्यावर तिने ते ऐकलं. गेली, खुर्ची गेली, इतक्या वर्षांची गेली, आणि आता घरी जाऊन सांगायचं काय? वाईट वाटलं, अगदी खरं वाईट वाटलं. तरीही छातीतली सकाळची ती धडधड थांबेना, उलट वाढतच होती. वाक्य नसताना खाली काय आहे ते तिला दिसलं होतं, आणि ते आता कुणी काढून घेऊ शकत नव्हतं.

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “माझे वडील मला या उणे-उणेवरून फार मारायचे,” ते म्हणाले, कुणाला उद्देशून ते कळलं नाही. “नियम आहे, पाठ कर, म्हणायचे. मी पाठ केला. पुढे जन्मभर नियमच पाळले.” मग त्यांनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. “खरं सांगायचं तर, तुमच्या टाकीचंही मला कळलं नाही.”

“वा!” ती म्हणाली, आणि उठली. खडू हातात होताच. तिने फळ्यासाठी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. चारी भिंतींवर प्रमाणपत्रं होती, ढाली होत्या, संस्थापकांची छायाचित्रं होती. शाळेच्या सगळ्यात मोठ्या खोलीत फळा नव्हता. ती मागे वळली. सकाळपासून जे चुकवलं होतं ते समोर होतं, सोनेरी चौकटीत, काचेआड. तिने ते पहिल्या शब्दापासून क्रियापदापर्यंत शांतपणे वाचून काढलं. एखादी जुनी ओळखीची बाई रस्त्यात भेटावी तसं वाटलं. मग तिने चौकट खिळ्यावरून उचलली, टेबलावर आणून पालथी घातली, आणि तिच्या पाठीवरच्या कोऱ्या तपकिरी पुठ्ठ्यावर खडूने टाकी काढली. पाण्याची रेघ काढली. खाली गळणारे थेंब काढले.

“तासाला दोन बोटं उतरतंय. आता तीन तासांपूर्वी...”

अध्यक्ष पुढे वाकले होते. कोपरं टेबलावर, मान खाली, आणि ओठ किंचित हलत होते. त्यांचा उजवा हात एकदम वर झाला. “थांबा,” ते म्हणाले. “सांगू नका.”

चिटणीसांनी घड्याळात बघून काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि तिने ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केलं.